नॉर्वेच का?

"फिनलंडला नका येऊ आई, नॉर्वेला या. मी येतो तिकडे," असं मुलगा दिवाळीत फोनवर म्हणाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

तसं बोलणं साधंच होतं. तो फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीला, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला होता. आम्ही दोघं कर्जतला. माझे यजमान खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मी शाळेत भूगोल शिकवून घरी बसलेली. मुलगा तिकडे गेल्यापासून "या, या" म्हणत होता आणि आमचं दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी भाताची कापणी, कधी सासूबाईंचं आजारपण, कधी माझे गुडघे. आता सासूबाई नव्हत्या, शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं, गुडघ्यांचंही ऑपरेशन होऊन गेलं होतं. म्हटलं, येत्या मार्चमध्ये येतो. तर हा म्हणतो, माझ्याकडे नका येऊ.

"अरे, पण तू राहतोस फिनलंडला. आम्ही तुझं घर नको का बघायला?"

"घर काय बघायचंय त्यात? एक खोली आहे. नॉर्वेला समुद्र आहे, डोंगर आहेत, बोटीतून फिरता येतं. तुझा तो ध्रुवीय प्रकाश तिथून मस्त दिसतो."

"तो फिनलंडमधूनही दिसतो. मी शिकवलाय."

तो हसला, पण जरा उशिराने हसला.

याहून मला खटकलं ते दुसरंच. हे शेजारी बसून ऐकत होते, ते लगेच म्हणाले, "तो सांगतोय तर आसंल काय तरी. नॉर्वेलाच जाऊ." मुलाची गोष्ट पहिल्या फटक्यात मान्य करणं हा यांचा स्वभाव नव्हे. दहावीनंतर कुठल्या कॉलेजात जायचं यावरून दोघं महिनाभर बोलत नव्हते. आणि आता जगाच्या दुसऱ्या टोकाला निघालो, तर यांचा एका वाक्यात होकार. वर पुढे म्हणाले, यांचे कारखान्यातले एक जुने मित्र आणि त्यांची मंडळी, तेपण नॉर्वेला यायला तयार आहेत. मला विचारायच्या आधी मित्राला विचारून झालं होतं.

त्या दिवसापासून मी फोनवर बोलणं कमी आणि बघणं जास्त सुरू केलं.

मुलगा रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. त्याच्या मागे नेहमी तीच लाकडी भिंत आणि भिंतीत एक लहान खिडकी. पूर्वी कॉल करायचा तेव्हा मोबाईल हातात घेऊन फिरायचा, स्वयंपाकघर दाखवायचा, फ्रिज उघडून "बघ, भाज्या आणल्यात" म्हणायचा. आता जागचा हलत नव्हता. पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा ताठ बसायचा. गालाची साल निघालेली दिसायची. एकदा केस मागे सारायला त्याने हात वर केला, तर बोटांना भेगा पडलेल्या आणि नखं काळी. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्याचे असे हात होतात?

"हाताला काय झालंय रे?"

"थंडीने. सगळ्यांचे होतात इथे."

आणि कुत्री. बोलता बोलता मागे कुत्रं भुंकायचं. मी विचारलं, तर म्हणाला, शेजाऱ्याचं आहे. बरं, असेल. पण पुढच्या रविवारी दोन वेगवेगळे आवाज आले आणि त्याच्या पुढच्या रविवारी तर एकदम इतकी कुत्री ओरडायला लागली, की आमच्या अंगणातला कुत्रा कान टवकारून मोबाईलकडे बघायला लागला. मुलाने घाईघाईने "रेंज जातेय" म्हणून फोन बंद केला. एवढी कुत्री पाळणारा शेजारी राजधानीत राहतो कुठे, हे मला कळेना.

आईचं मन काय काय विचार करतं ते सांगण्यासारखं नसतं. लग्न करून बसला असेल. ती मोठ्या वयाची असेल, तिला आधीचं मूल असेल. एवढं असतं तरी मी गिळलं असतं. मग वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, कुठल्या भानगडीत सापडलाय आणि कुणाच्या तरी ताब्यात आहे, म्हणून ते ताठ बसणं, म्हणून ती एकच भिंत. मी यांना म्हटलं, "त्याला ऑफिसची इमारत दाखवायला सांगा." तर म्हणाले, "तू काय पोलिसात हाय का गं?" आणि उठून पेपर घेऊन ओटीवर गेले. जाताना चष्मा आतच विसरले. पेपर वाचायला गेलेला माणूस.

जानेवारीत पोपटी लावायची, मडक्यात शेंगा भाजायच्या, म्हणून मी दुपारी अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसले होते, तेव्हा मुलाचा कॉल आला. नेहमीपेक्षा लवकर आला होता. आपल्याकडे दुपार टळायला लागते तेव्हा तिकडे भर दुपारचे बारा वाजतात. खिडकीतून मागे निळा उजेड दिसत होता. आपल्याकडे सूर्य डोंगराआड गेल्यावर थोडा वेळ असतो ना, तसा. मी शेंगा खाली ठेवल्या.

"बाहेर ऊन आहे का रे?"

"हो, आज मस्त ऊन पडलंय."

"हेलसिंकीत?"

"मग कुठे असणार?"

इतकी वर्षं फळ्यावर पृथ्वी काढून तिच्या डोक्याशी उत्तर ध्रुववृत्ताची रेघ मारली होती. हिवाळ्यात त्या रेघेच्या वर सूर्य उगवत नाही, भर दुपारी फक्त असा निळसर उजेड येतो. हेलसिंकी त्या रेघेच्या पुष्कळ खाली आहे. तिथे दिवस लहान असतो, ढगाळ असतो, पण ऊन पडलं तर पिवळं पडतं. माझा मुलगा हेलसिंकीत नव्हता. पार वर कुठेतरी होता आणि मला खोटं सांगत होता.

संध्याकाळी मी यांना सगळं समजावून सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोबाईलमधी रंग बदलत्यात." एवढंच. मुलगा खोटं बोलतोय असं बायको सांगतेय आणि माणूस चिडतही नाही, घाबरतही नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

पुढच्या आठवड्यात आम्ही स्कूटरवरून खोपोलीला गेलो. शिळफाट्याला औषधांच्या दुकानाच्या वर एक टूरचं ऑफिस आहे. एक चुणचुणीत मुलगी ते चालवते. तिचं नेहमीचं काम म्हणजे अष्टविनायक, तिरुपती, झालंच तर दुबई. बर्फाच्या देशात जाणारे बहुधा आम्ही पहिलेच असू, कारण तिने आमच्यासाठी कॉफी मागवली आणि दोन रंगीत पुस्तिका समोर मांडल्या.

"काकू, हे नॉर्वे. ट्रॉम्सो नावाचं गाव आहे. समुद्र, बोट, नशीब असलं तर देवमासे. थंडीपण त्या मानाने बेताची. आणि हे फिनलंड, लॅपलँड. इथे झोपून आकाश बघायला काचेची घरं, रेनडिअर, कुत्र्यांच्या गाड्या. थंडी मात्र कडक."

माझा हात फिनलंडच्या पुस्तिकेवर थांबला. कुत्र्यांच्या गाड्या. फोटोत एका लाकडी घसरगाडीला कुत्र्यांच्या जोड्या जुंपलेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं उघडी. मला त्या मोबाईलमधला गोंगाट ऐकू यायला लागला.

"फिनलंडचं सांग," मी म्हटलं.

ती मुलगी गोंधळली. यांच्याकडे बघून म्हणाली, "पण काका, तुम्ही तर फोनवर म्हणालात ना, फिनलंड दाखवूच नको म्हणून? मी मित्रांचंपण नॉर्वेचंच धरलंय."

"कधी म्हणाले?" मी विचारलं.

"झाले दोन-तीन महिने. दिवाळीच्या आधी."

दिवाळीच्या आधी. मुलाने नॉर्वेचं नाव काढलं दिवाळीत. मी यांच्याकडे बघितलं, तर हे भिंतीवरच्या तिरुपतीच्या फोटोकडे बघत होते. मी कॉफी संपवली, "विचार करून सांगतो" म्हटलं आणि जिना उतरले.

परतताना पळसदरीच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे मी स्कूटर थांबवायला लावली. बाकड्यावर बसले आणि म्हटलं, "आता सांगा. मुलगा कुठे आहे?"

हे बराच वेळ हेल्मेटचा पट्टा उलगडत राहिले. मग म्हणाले, "त्यानं नोकरी सोडली. वर्ष होऊन गेलं."

"मग करतो काय?"

"कुत्री सांभाळतो."

"म्हणजे?"

"वर, बर्फात. लोकांना गाडीतून फिरवत्यात ना, त्यांची कुत्री. खायला घालायचं, घाण काढायची, जुंपायची. मला गणपतीत सांगितलं त्यानं."

मला रागही येईना आणि रडूही येईना. जिवंत आहे, धडधाकट आहे, कुणाच्या ताब्यात नाही, एवढंच आधी डोक्यात शिरलं. मग दुसरं शिरलं.

"आणि त्याने तुम्हाला सांगितलं. मला नाही."

"तो सांगणार व्हता तुला. मीच म्हणलं, नको. नॉर्वेचंपण मीच त्याच्या तोंडी घातलं. तो बिचारा म्हणत व्हता, इकडं या, सगळं दाखवतो."

म्हणजे मी इतके महिने मुलाच्या मागे लागले होते आणि खरा माणूस माझ्याच घरात, माझ्याच हातची भाकरी खात होता.

"का पण?"

"तू म्हणाली आसती, तिकडंच जाऊ, त्याचं घर बघायचंय. ते मित्र संगं. त्यांच्या देखत..." टपरीवाला चहा ठेवून गेला. "मी कारखान्यात रात्रपाळ्या केल्या त्या कशापायी? माझ्या बापानं बैल हाकले, मी लहानपणी बैल हाकले. ह्याच्या हातात कासरा येऊ नये म्हणून शिकवला. सगळ्या कारखान्याला सांगितलं व्हतं, मुलगा फिनलंडात इंजिनिअर हाय. आता काय सांगू, कुत्री हाकतो म्हणून?"

यांचं दुःख खरं होतं आणि यांनी मला मूर्ख बनवलं होतं, हेही खरं होतं. चहा तसाच टाकून मी स्कूटरवर बसले.

घरी आल्या आल्या मी मुलाला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे तो दचकलाच.

"मला सगळं कळलंय," मी म्हटलं. "आता ती भिंत सोड आणि बाहेर दाखव."

मग दार उघडल्याचा आवाज आला आणि स्क्रीन पांढरी झाली. बर्फ, झाडं, आणि त्यांच्यामध्ये लाकडी खोकी, एकेका खोक्यापुढे एकेक कुत्रं. मोबाईल बघून सगळी उभी राहिली.

"कामावरून काढलं की तूच सोडलंस?" मी विचारलं.

"सोडलं, आई."

"खरं सांग."

"खरंच सोडलं. सुट्टीत इथे आलो होतो. परत जाऊन ऑफिसात बसलो, तर माझं लक्षच लागेना."

"परवाना आहे ना राहायचा? कागदपत्रं?"

"सगळं आहे."

"कुणी बाई आहे का?"

"आई!" तो हसला. या वेळी वेळेवर हसला. पण पुढे "नाही" म्हणाला नाही, हेही मी टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी रिक्षा-टमटम करत शिळफाट्याला गेले आणि फिनलंड नक्की करून आले. मित्रमंडळी नॉर्वेला जायला मोकळी होती. हे म्हणाले, "मी नाय येणार." मी म्हटलं, "नका येऊ. मी एकटी जाईन. विमानात बसायला काय तुमचा हात धरावा लागतो?" मग एक दिवस कपाटावरची मोठी बॅग ओटीवर उन्हात टाकलेली दिसली. आत यांचं स्वेटर होतं.

मार्चमध्ये आम्ही लॅपलँडला उतरलो तेव्हा लख्ख ऊन होतं आणि तरी श्वास घेतला की नाकातले केस ताठ होत होते. मुलगा न्यायला आला होता. दाढी वाढलेली, खांदे रुंद झालेले, अंगाला कुत्र्यांचा आणि धुराचा वास. मला मिठी मारली. यांच्या पाया पडला. हे म्हणाले, "बारीक झालास." तो झाला नव्हता.

त्याची खोली मी नीट तपासली. तो बाहेर गेल्यावर मोरी बघितली, टूथब्रश एकच होता. कपाट उघडलं, बायकी काही नव्हतं. मग स्वयंपाकाच्या फळीवर मला मीच पाठवलेली पाकिटं दिसली. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, तांदळाचे पापड. बरीचशी न उघडलेली. दर वेळी फोनवर "संपलं, अजून पाठव" म्हणायचा.

"हे काय?" मी विचारलं.

"वेळ नाही होत गं आई. सकाळी उठलं की आधी कुत्र्यांचं."

"मग संपलं कशाला म्हणायचास?"

"तू पाठवताना खूश असायचीस."

हे ऐकून मी विरघळायला हवी होती. पण मला वाटलं, हा इतकं गोड आणि इतकं सहज बोलतो, तर अजून काय काय खोटं असेल?

त्या जागेची मालकीण उतारवयाची, उंच, कमी बोलणारी बाई होती. तिने आम्हाला चुलीजवळ बसवून कॉफी दिली आणि मुलाकडे बघत तिच्या भाषेत काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली.

"काय म्हणतेय?" मी मुलाला विचारलं.

"मी काम चांगलं करतो म्हणतेय."

"एवढं बोलली आणि तू चार शब्दांत उरकतोस?"

"इथली भाषा लांबलचक असते."

मालकीणबाई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. तिने माझ्या मुलाची तक्रार केली की कौतुक, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

पहिला दिवस हे कुंपणाबाहेर उभे राहिले. कानटोपी खाली ओढलेली, हात खिशात. मुलगा आत बादलीतून गोठलेल्या मांसाचे तुकडे टाकत फिरत होता आणि कुत्री अंगावर उड्या मारत होती. "गप ऱ्हा रं! थांब, तुलाबी देतो," तो म्हणाला. मी चमकले. आमच्या घरात मी मुलाला शाळेची भाषा शिकवली होती. ही यांची बोली होती, यांच्या बापाची, बैलांशी बोलायची. हे ऐकून यांचं तोंड कसं झालं ते मला दिसलं नाही, कारण हे वळून मुलाच्या मोटारीकडे चालायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मुलाने यांना घसरगाडीत बसवलं. गुडघ्यांवर जाड कातडं पांघरलं, स्वतः मागे गाडीच्या घसरपट्ट्यांवर उभा राहिला. जुंपताना कुत्र्यांनी इतका गोंधळ घातला की मला कानांवर हात ठेवावे लागले. मग त्याने गाडीचा हूक काढला आणि एकदम सगळं शांत झालं. गाडी झाडांमध्ये दिसेनाशी झाली.

मी मालकीणबाईबरोबर वाट बघत उभी राहिले. काय बोलणार? तिने माझ्या मफलरची गाठ सोडून नीट बांधून दिली.

परत आले तेव्हा यांच्या मिशीवर बर्फ साचला होता. गाडीतून उठताना मुलाने हात दिला, तो यांनी घेतला. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "लगाम नाय गं त्याला. कासरा नाय, काय नाय. नुसतं तोंडानं सांगतो, डावीकडं, उजवीकडं. ऐकत्यात."

"बरं वाटलं का?"

"थंडी लय हाय," हे म्हणाले.

निघायच्या दिवशी विमानतळावर मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "तू सुखात आहेस ना?" तो म्हणाला, "आहे." मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो खरं सांगतोय असं मला वाटलं. पण खिडकीत निळा उजेड असताना "मस्त ऊन पडलंय" म्हणाला होता, तेव्हाही त्याचा चेहरा असाच होता. त्यामुळे मी अर्धा विश्वास ठेवला आणि अर्धा बरोबर घेऊन आले.

कर्जतला आल्यावर काही दिवसांनी आम्ही बाजारात भाजी घेत होतो, तेव्हा यांच्या कारखान्यातले एक गृहस्थ आणि त्यांची बायको भेटली. "काय, झालं का नॉर्वे?" त्यांनी विचारलं. हे जरा घुटमळले. मग म्हणाले, "फिनलंडला गेल्तो. मुलाकडं. त्याचं आता जनावरांचं काम हाय तिकडं."

"अरे वा! म्हणजे डॉक्टर झाला जनावरांचा?"

हे वांगी निवडायला लागले. मीच म्हटलं, "डॉक्टर नाही. बर्फावरच्या गाडीची कुत्री सांभाळतो. जुंपतो, खायला घालतो." त्या बाईंनी "अगं बाई" केलं. गृहस्थ महागाईवर बोलले आणि गेले.

मला वाटलं, आता हे चिडणार. चिडले नाहीत. पिशवी घेऊन दहिवलीच्या पुलापर्यंत चालत आले. पुलावर आल्यावर खाली उल्हास नदीकडे बघत म्हणाले, "उन्हाळ्यात तिकडं बर्फ नसतं. तवा कुत्र्यांना चाकांच्या गाडीला जुंपत्यात, पळायची सवय मोडू नये म्हणून."

मी थांबले. घसरगाडीतली ती फेरी सोडली तर फिनलंडला मी सतत यांच्याबरोबर होते, रविवारच्या फोनलाही शेजारीच असायचे, आणि उन्हाळ्याचा विषय माझ्यासमोर कुणीच काढला नव्हता.

"हे तुम्हाला कधी सांगितलं त्याने?" मी विचारलं.

हे पिशवी या हातातून त्या हातात घेत पुढे चालायला लागले.